ठराव आधीच लिहिलेला असतो, मग ग्रामसभा लोकांची कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव साडेतीन हजार वस्तीचं, ग्रामसभेला येतात वीस-पंचवीस माणसं. त्यातली निम्मी सरपंचांच्या गटाची, निम्मी विरोधकांची. ठराव आधीच लिहून आणलेले असतात, सभेत भांडण होतं, कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या नकळत ती झाल्याची नोंद होते. अशा गावात लोकांनी स्वतः निर्णय घेण्याची सभा उभी राहू शकते का? आणि शहरात राहणाऱ्या तुमच्या मित्रांनी मोहल्ला सभा सुरू केली तर तिला काही अर्थ आहे का?

गावात उभी राहू शकते. शहरात अवघड आहे, पण करण्यासारखं काही आहे, त्याकडे शेवटी येते. मी बरीच वर्षं ग्रामसभांसोबत काम करते आहे, आधी गडचिरोली-चंद्रपूरकडे आणि नंतर नगर-साताऱ्याकडच्या गावांत. या दोन्हीकडच्या अनुभवावरून माझं मत पक्कं झालंय. ज्या सभेच्या हातात स्वतः अमलात आणता येईल असा निदान एक निर्णय आणि स्वतः तपासता येईल असा निदान एक हिशोब असतो, ती सभा टिकते. नुसत्या मागण्यांसाठी बोलावलेली सभा दोन-तीन बैठकांत विरते, कारण मागणी पुरी करणं दुसऱ्याच्या हातात असतं. तो दुसरा गप्प बसला की लोकांना यायचं कारण उरत नाही.

मेंढा (लेखा) हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. ‘मावा नाटे माटे सरकार’, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध त्या भागात मोठं आंदोलन झालं. धरणं थांबली, आणि आता आपल्या जंगलाचं आपण काय करायचं हा प्रश्न गावापुढे राहिला. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्या जोडीने काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्यातून जी पद्धत घडवली ती घोषणेपेक्षा मला जास्त मोलाची वाटते. पद्धत साधी आहे: अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा.

अभ्यासगटात ज्याला विषयात रस आहे तो बसतो. बाहेरचा जाणकार येऊ शकतो, कायद्याची प्रत वाचली जाते, वाद घातला जातो, एकाच विषयावर कितीही बैठका होतात. तिथे निर्णय मात्र घ्यायचाच नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथे बाहेरच्यांनी गप्प राहायचं. यामुळे दोन गोष्टी साधतात. तज्ज्ञ माणूस गावाच्या डोक्यावर बसत नाही, आणि गाव तज्ज्ञाशिवाय आंधळेपणानेही ठरवत नाही. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, तो माणूस काय म्हणतो ते पुन्हा ऐकायचं.

आयर्लंडमध्ये २०१६ साली नागरिकांची सभा बसवली तेव्हा जवळपास हेच केलं. मतदारांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी ९९ माणसं निवडली, वर एक अध्यक्ष. त्यांनी शनिवार-रविवार बसून गर्भपाताच्या कायद्यावर डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते असं सगळ्यांचं ऐकलं आणि शिफारस केली. निर्णय २०१८ च्या मे महिन्यात सगळ्या देशाने मतदान करून घेतला, ६६.४ टक्के मतं बदलाच्या बाजूने पडली. तिथेही अभ्यास करणारे वेगळे होते आणि ठरवणारे वेगळे.

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला. कागद हातात आला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना देणं वनखात्याकडे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू) आहे हे स्पष्ट लिहिलेलं, पण १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला झाड समजत होता. हा मुद्दा गावाला तोंडपाठ होता, कारण अभ्यासगटात तो अनेकदा वाचून झाला होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने जंगल वापराचे नियम स्वतः बसून लिहिले आणि तेंदूपानं तोडणं बंद केलं, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. हातातलं उत्पन्न सोडायचा निर्णय सरकारी आदेशाने झाला असता तर एका हंगामात मोडला असता.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जंगल नाही, पेसाही नाही. खरं आहे. ग्रामसभेला जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रालाच, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रालाच, लागू आहे. तिथे पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो, स्वतःची ग्रामसभा घेऊ शकतो, स्वतःच्या कोषाचं खातं उघडू शकतो. तुमच्याकडे सरपंचच सभेचा अध्यक्ष आणि पाच वाड्यांची मिळून एक सभा. तरी तुमच्यासाठी जवळचं उदाहरण आहे ते नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं. तिथे जंगलाची जागा पाण्याने घेतली. पाऊस किती पडला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून या वर्षी कोणती पिकं घ्यायची, कोणती टाळायची ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे निर्णय सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावाने घेतले आणि पाळले. ग्रामपंचायत कायद्यात पाण्याच्या ताळेबंदाचं कलम शोधायला जाऊ नका. गावाने ठरवलं आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते पाळावं लागतं, एवढाच त्याला आधार. म्हणून म्हणते, तुमच्या गावात कोणती गोष्ट कोणाच्याही परवानगीशिवाय ठरवता येते ते आधी शोधा. टँकरच्या फेऱ्यांचा क्रम असेल, गायरानात चराईचे महिने असतील, नळाला पाणी सोडायची वेळ असेल, गावातल्या लग्नांत डीजे लावायचा की नाही हेही असेल. लहान चालेल. ते पुरतं गावाचं असलं पाहिजे.

कायदा मात्र वाचाच. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभा राज्यघटनेत आली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ७ हे तुमचं मुख्य कलम. सभेची सूचना सात दिवस आधी हवी. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तुमच्या गावात अडीच हजारांच्या आसपास मतदार असणार, म्हणजे तुम्हाला १०० माणसं लागतात. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट नसते. गटबाजीच्या गावात नेमका याचाच फायदा घेतला जातो, पहिल्या सभेला माणसं येऊ नयेत हीच सोय बघितली जाते. पण तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात खूण करून सभेला घेऊन जा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणंही बंधनकारक आहे, त्याकडे पुढे वळते.

मग १०० माणसं आणायची कशी? दवंडीने किंवा व्हॉट्सॲपवरच्या सूचनेने ती येत नाहीत. माझ्या अनुभवात एकच उपाय चालतो, वस्तीबैठका. ग्रामसभेच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक वाडीत, प्रत्येक आळीत, संध्याकाळी जेवणं झाल्यावर तासभर बसायचं. विषयपत्रिकेवरचा एकच विषय घ्यायचा. गावच्या ग्रामसभेत भूमिहीन मजूर बागायतदाराविरुद्ध बोलत नाही, कारण उद्या त्याच्याच रानात कामाला जायचं असतं. दलित वस्तीतला माणूस मंदिराच्या सभामंडपात मागच्या खांबाशी उभा राहतो, बसत नाही. स्वतःच्या वस्तीत तो बसतो आणि बोलतो. तिथे बोललेलं लिहून घ्या, वस्तीचं म्हणणं म्हणून ते ग्रामसभेत मांडा आणि मांडायला वस्तीतली दोन माणसं ठरवून ठेवा, एकटा कोणी नको. सभेची जागा शाळेचं मैदान किंवा समाजमंदिराबाहेरची मोकळी जागा अशी घ्या. टेबल-खुर्च्या काढून सतरंजी घातली तर अर्धा फरक तिथेच पडतो. ही किरकोळ बाब वाटेल, पण खुर्चीवरचा माणूस आणि जमिनीवरचा माणूस यांच्यात चर्चा होत नाही, फक्त अर्ज-विनंती होते.

वेळेचंही तसंच. सकाळी दहाची सभा म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाईला सभा नाहीच. गोव्यात ग्रामसभा साधारणपणे रविवारी भरतात आणि तिथल्या सभा किती तापतात ते कोणत्याही गोवेकराला विचारा. शेतजमिनीचं रूपांतर, मेगा प्रकल्प, डोंगरकापणी, सगळं तिथे निघतं. २००६-०७ मध्ये कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ विरुद्ध गोव्यात जे आंदोलन उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला, त्यानंतर पुढचा आराखडा करताना गावांकडून सूचना मागवाव्या लागल्या. कामकरी माणसाला सुट्टीच्या दिवशी सभा मिळते, ही तिथली साधी सोय आपल्याकडे का नसावी? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला झेंडावंदन उरकून, लोक उन्हात तिष्ठत असताना घेतलेल्या सभेत विचार होत नाही. त्या तारखा टाळता येत नसतील तर तुमच्या कामाची सभा विशेष ग्रामसभा म्हणून वेगळ्या दिवशी मागा.

ठरावाबद्दल तुम्ही विशेष विचारलंत, म्हणून जरा बारकाईने सांगते. सभेत चर्चा एक होते आणि प्रोसिडिंग बुकात दुसरंच उमटतं, याला उपाय आहे. ठराव सभेतच लिहायचा. ग्रामसेवक (हल्ली पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) लिहीत असतील तर त्यांच्या शेजारी गावातला एक पदवीधर मुलगा किंवा मुलगी बसवायची आणि त्यांनी समांतर टिपण घ्यायचं. प्रत्येक विषय संपला की ठरावाचा मजकूर मोठ्याने वाचून घ्यायचा, सूचक-अनुमोदकाचं नाव तिथल्या तिथे बोलायचं. शेवटच्या ओळीखाली जागा कोरी उरली तर तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि मगच सह्या. हजेरीच्या सह्या वेगळ्या कोऱ्या कागदावर कधीच द्यायच्या नाहीत. त्या कागदाच्या माथ्यावर सभेची तारीख आणि विषयपत्रिका छापलेली किंवा लिहिलेली हवी, नाहीतर तोच कागद उद्या दुसऱ्या ठरावाला लागतो. ‘ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने’ या ओळीवर डोळा ठेवा. ज्या विषयावर गावात भांडण आहे तो बहुतेक वेळा याच ओळीतून आत येतो. आठ दिवसांत इतिवृत्ताची प्रत मागा, मिळाली नाही तर १० रुपयांच्या तिकिटावर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्ज एकट्याच्या नावाने करण्यापेक्षा चार वाड्यांतल्या चौघांनी तेच मागावं, म्हणजे कोणी एकटा निशाण्यावर येत नाही.

हिशोबाबद्दल एक प्रसंग सांगते. गडचिरोलीतल्या एका गावात बांबूच्या हंगामानंतर ग्रामसभेत जमाखर्च वाचला जात होता. खजिनदार तरुण होता, वही समोर, पावत्यांची फाईल मांडीवर. मजुरीचा हजेरीपट वाचून झाला, नावागणिक रक्कम, ज्याचं नाव आलं तो हात वर करत होता. मग वाहतुकीचं पान आलं. ट्रॅक्टरच्या फेऱ्या अकरा, भाडं इतकं. रस्त्याच्या वळणावर जिचं घर आहे ती एक म्हातारी मागून म्हणाली, माझ्या दारावरून ट्रॅक्टर नऊ वेळा गेला. तिला अक्षरओळख नव्हती. सभा थांबली. खजिनदाराने पावत्या काढल्या, चालकाला बोलावून घेतलं, आणि कळलं की दोन फेऱ्या नाल्यापलीकडच्या ढिगावरून दुसऱ्या वाटेने थेट डेपोकडे गेल्या होत्या. पावत्या तिच्या नातवाने तिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, बरं, पुढचं वाचा. खजिनदाराला राग आला नाही, म्हातारीला कोणी गप्प बसवलं नाही, आणि अध्यक्षाने पुढच्या वर्षीसाठी लिहून घेतलं की दुसऱ्या वाटेने गाडी गेली तर आदल्या दिवशी सांगायचं. मी अनेक प्रशिक्षणांत लोकशाहीवर बोलले आहे, पण त्या अर्ध्या तासात जे बघायला मिळालं ते मला शब्दांत शिकवता आलेलं नाही.

तुमच्या गावात बांबूचे पैसे नाहीत, पण वित्त आयोगाचा निधी आहे, घरपट्टी-पाणीपट्टी आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ खाली होणारा ग्रामपंचायत विकास आराखडा ग्रामसभेपुढे यावाच लागतो. त्यातली कामं आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही बघता येतो. मोबाईलवर काढा, एका कामाचं पान छापून घ्या आणि वस्तीबैठकीत जमिनीवर ठेवा. सगळा आराखडा नको, एकच काम. गटार झालं असं लिहिलंय, ते कुठे आहे, किती मीटरचं आहे, टेप घेऊन चार जणांनी मोजून यायचं. सरपंचांवर आरोप करायला जाऊ नका. मोजून आलेला आकडा सभेत वाचा आणि खुलासा मागा. आरोपाने दोन गट पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतात. मोजलेल्या आकड्याला गट नसतो, आणि कधीकधी काम खरंच नीट झालेलं निघतं. तेव्हा तेही त्याच सभेत, त्याच आवाजात सांगायचं.

सर्वसहमतीबद्दल मला सावधगिरीने बोलावंसं वाटतं, कारण मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी उचलणारी गावं मी पाहिली आहेत. मेंढा एकाच समाजाचं, जवळजवळ सारख्या जमिनीचं गाव. जातीपातींच्या मोठ्या गावात ‘सगळ्यांची संमती आहे ना?’ असं विचारलं की शांतता पसरते, आणि ती शांतता संमती म्हणून लिहिली जाते. म्हणून विषयाप्रमाणे पद्धत बदला. पाणी, गायरान, रस्ता यांसारख्या सामाईक गोष्टींत सगळ्यांचं पटेपर्यंत थांबावं, कारण एकाने मोडलं तरी नियम मोडतो. घरकुलासारख्या योजनेच्या लाभार्थ्यांचा विषय असेल तर आधी निकष ठरवा, ते फळ्यावर लिहा आणि मग नावं लावा. नावं आधी आणि निकष नंतर आले की सभा संपलीच. आणि जिथे घरातल्या माणसासमोर हात वर करणं धोक्याचं आहे तिथे गुप्त मतदान हवं.

दारूबंदीचं मतदान हे याचं उत्तम उदाहरण आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या बायकांनी थेट लोकशाहीचा सगळ्यात धीट वापर इथेच केला. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा शहरी वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर दुकान बंद करायचं की नाही यावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे बंद. अडचण इथे आहे: आडव्या बाटलीला मतदानाला आलेल्या महिलांच्या नाही, तर मतदार यादीतल्या एकूण महिलांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात. यादीत वारलेल्या बायका असतात, लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात, आणि त्या प्रत्येकीचं नाव दुकानदाराच्या बाजूने मोजल्यासारखं होतं. म्हणून अर्जाच्या सह्या गोळा करण्याआधी यादी साफ करायला घ्या, निवडणूक विभागाकडे नावं कमी करायचे अर्ज भरा. ऊसतोडीच्या हंगामात मतदान येऊ देऊ नका. सह्यांची पडताळणी होते तेव्हा सही केलेल्या प्रत्येक बाईने समोर उभं राहून ‘ही माझी सही’ म्हणायचं असतं, आदल्या दिवशी धमक्या येतात, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जायचं. मतदान झाल्यावर दुकान बंद होतं आणि मग चोरटी विक्री सुरू होते. तिच्यावर लक्ष ठेवायला तेच महिला मंडळ महिन्यातून एकदा बसत राहिलं तर बंदी टिकते. महिलांची सभा कागदावरून खरी करायची असेल तर असा एक विषय घ्या, जो बायकांचा आहे आणि ज्याचा निकाल त्यांच्या हातात आहे.

मोठ्या प्रकल्पाविरुद्ध ठराव करून उपयोग होतो का, असं अनेकदा विचारलं जातं. होतो आणि होत नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडमधल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं, लोक रांगा लावून आले. त्याचा निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. त्या मतदानाला कायद्याचं बंधन नव्हतं. याउलट ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सांगितलं की डोंगरावरच्या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभेने करावा. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकासमोर बारा गावांच्या सभा झाल्या, बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. एकामागे वनहक्क कायदा आणि न्यायालय होतं, दुसऱ्यामागे फक्त प्रशासनाची तयारी होती. म्हणून ठराव करण्याआधी विचारा: हा ठराव कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली करतोय आणि तो न पाळल्यास आम्ही कोणाकडे जाऊ? उत्तर नसेल तरी ठराव करावा, पण लोकांना तो कशासाठी आहे ते खरं सांगून. खोटी आशा दाखवून भरवलेली सभा पुढच्या दहा वर्षांची सभा मारते.

आता तुमच्या शहरातल्या मित्रांचं. शहरात ग्रामसभेसारखी कायद्याची सभा अमलात नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, मतदान केंद्राच्या पातळीवर नागरिकांनी बसावं अशी कल्पना होती, पण ती प्रत्यक्षात आलीच नाही. २०२२ नंतर तर मुंबई-पुण्यासह कित्येक महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या, नगरसेवकच नव्हते. मग उरतं काय? पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातलं लहान काम सुचवता येतं, पदपथ, दिवे, बाक, बसथांबा. त्याची उणीव अशी की प्रत्येक जण घरी बसून एकटा अर्ज भरतो, एकमेकांशी बोलणं होत नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून हेच काम सभांमधून झालं: वस्तीच्या सभेत प्राधान्यक्रम ठरायचा, वस्तीचे प्रतिनिधी तो वर न्यायचे आणि गरीब वस्त्यांना निधी वाटपात जास्त वजन दिलं जायचं. मित्रांना सांगा, मोहल्ला सभेच्या नावाने सगळ्या शहराचे प्रश्न घेऊन बसू नका. अर्ज भरायच्या मुदतीआधी दोन सोसायट्या आणि शेजारची झोपडवस्ती एकत्र बसवा, तिथे वाद होऊ द्या, एकच काम ठरवा, सगळ्यांनी तेच काम सुचवा. मग ते अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आलं का, निविदा निघाली का, हे वर्षभर बघत राहा. सोसायटीवाल्यांना पार्किंग हवं असेल आणि वस्तीला शौचालय, तर तो वाद त्या खोलीत सोडवणं हेच त्या सभेचं खरं काम आहे.

तुमच्या गावाकडे परत येते. लगेच ग्रामसभा गाठायची घाई करू नका. आठ-दहा जणांचा अभ्यासगट आधी बसवा. त्यात दोन्ही गटांतला निदान एकेक माणूस हवा, निदान तीन बायका हव्यात, आणि सरपंचांना उघडपणे सांगून बसा, लपून नाही. पहिल्या बैठकीला तीन वस्तू घेऊन या: कलम ७ ची मराठी प्रत, मागच्या दोन वर्षांच्या ग्रामसभांच्या इतिवृत्तांच्या प्रती आणि ई-ग्रामस्वराजवरून काढलेलं एका कामाचं पान. इतिवृत्तात ज्यांच्या नावापुढे सूचक म्हणून लिहिलंय त्या माणसांना विचारा, तुम्ही हा ठराव मांडला होता का. काहींना आठवणार नाही, काहींना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसेल. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा. अशा चार-पाच बैठका झाल्या की मला कळवा, वस्तीबैठकांसाठी विषय निवडताना मी तुमच्यासोबत बसेन.